लोखंडी जॉब, लोखंडी हूक, लोखंडी स्टँड. मग अर्थिंग वेगळं कशाला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गेट आणि ग्रिलचं पावडर कोटिंग (कोरडी रंगीत पावडर गनने फवारून ओव्हनमध्ये भाजणं) करणारं छोटं युनिट सुरू करून तुम्हाला आठ महिने झाले. पहिले दोन-तीन महिने पावडर छान बसायची. आता गन तीच, पावडर तीच, ऑपरेटरही तोच. पण निम्मी पावडर खाली पडते, आतल्या कोपऱ्यांत भरतच नाही आणि जॉबला, म्हणजे कोटिंगला टांगलेल्या वस्तूला, हात लागला की झटका बसतो. गन दुरुस्त करणारा म्हणतो, कॅस्केड (गनमधला हाय व्होल्टेज तयार करणारा भाग) गेलं, नवीन टाका. वायरमन म्हणतो, अर्थिंग बघा. त्यावर तुमचं म्हणणं असं की जॉब लोखंडाचा, हूक लोखंडाचा, स्टँड लोखंडाचा आणि स्टँड जमिनीवरच उभा. मग वेगळं अर्थिंग कशाला हवं? आणि गनमधून निगेटिव्ह चार्ज येत असेल, तर जॉबला पॉझिटिव्ह जोडायचं सोडून अर्थ का जोडतात?

मी भोसरीत बावीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली पहिली सहा वर्षं स्वतः गन धरून. तुमचा वायरमन बरोबर आहे. कॅस्केडवर खर्च करण्याआधी एक कानस घ्या आणि हुकाचं टोक चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून एक जॉब मारून बघा. आता हे असं का, ते नीट सांगतो, कारण हे एकदा कळलं की शॉपमधल्या निम्म्या तक्रारी आपल्या आपल्यालाच सोडवता येतात.

गनच्या तोंडाशी एक बारीक सुई असते. तिच्यावर साधारण ६० ते १०० किलोव्होल्ट निगेटिव्ह दाब (व्होल्टेज) असतो. टोक अणकुचीदार असल्यामुळे तिथली हवा फुटते आणि सुईभोवती आयनांचा ढग तयार होतो. पावडरचा कण त्या ढगातून जाताना निगेटिव्ह चार्ज घेऊन बाहेर पडतो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पुढचं मात्र बहुतेक जण चुकीचं समजतात. त्यांना वाटतं, गनने चार्ज दिला की पावडर आपसूक जाऊन चिकटते, आणि अर्थिंग म्हणजे शॉक लागू नये म्हणून जोडलेली वायर.

तसं नाही. धातूमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात. निगेटिव्ह पावडर जॉबच्या जवळ आली की ती या इलेक्ट्रॉनांना मागे ढकलते. मागे जायला त्यांना वाट असेल तर ते हुकातून, स्टँडमधून, वायरमधून जमिनीत निघून जातात, आणि जॉबचा जो भाग पावडरच्या समोर आहे तो पॉझिटिव्ह होतो. म्हणजे तुम्ही म्हणता तो पॉझिटिव्ह जॉबवर येतोच. तो बाहेरून द्यावा लागत नाही. जिथे पावडर पोचते तिथे, जेवढी पोचते तेवढाच तो तयार होतो. पावडर चिकटून राहते ती याच ओढीमुळे. बूथपासून, म्हणजे फवारणीच्या कप्प्यापासून, ओव्हनपर्यंत ट्रॉली ढकलत नेताना, धक्के बसत असताना, कसलाही गोंद नसलेली कोरडी पावडर उभ्या पत्र्याला धरून राहते. ती ओढ नसती तर दारातून आत जाईपर्यंत अर्धी पावडर जमिनीवर असती.

मग जॉबला सरळ पॉझिटिव्ह हाय व्होल्टेजच का नको? कारण मग जॉबबरोबर हूक, हँगर, स्टँड, कॉन्व्हेयरची साखळी, सगळंच जिवंत होईल आणि ते सगळं जमिनीपासून इन्सुलेट करावं लागेल. माणसं ज्या गोष्टीला दिवसभर हात लावतात, ती शून्यावर असलेलीच बरी. अमेरिकेत इंडियानापोलिसमध्ये हॅरॉल्ड रॅन्सबर्ग यांनी १९४० च्या दशकात ही पद्धत उद्योगात रुजवली, तेव्हाही दाब होता तो तारांच्या जाळीवर. साखळीला टांगून पुढे सरकणारा जॉब अर्थलाच होता. तेव्हा ओला रंग होता, आज आपण कोरडी पावडर मारतो, पण मांडणी तीच राहिली आहे.

आता अर्थिंग नसेल तर काय होतं ते बघू. इथे थोडं गणित करू, कारण आकडे बघितल्याशिवाय हे मनात ठसत नाही.

अधांतरी टांगलेला जॉब हा एक कपॅसिटर, म्हणजे चार्ज साठवणारी वस्तू, असतो. तुमच्या मध्यम आकाराच्या ग्रिलची क्षमता १०० पिकोफॅरड धरा. गनमधून त्याच्याकडे समजा २० मायक्रोअँपिअर करंट जातोय. हा करंट इतका किरकोळ वाटतो की मनात येतं, याने काय होणार? पण करंट भागिले क्षमता केलं की दाब सेकंदाला दोन लाख व्होल्ट या वेगाने चढतो. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात तुमचा जॉब २० हजार व्होल्टवर पोचतो. तुम्ही ट्रिगर दाबून अजून हात फिरवलाही नसतो, तोवर जॉब स्वतःच निगेटिव्ह होऊन बसलेला असतो. आता निगेटिव्ह पावडर निगेटिव्ह जॉबकडे कशाला जाईल? ती दुसरी कुठलीतरी अर्थ झालेली वस्तू शोधते. बूथची भिंत शोधते, आणि बऱ्याचदा ऑपरेटरच शोधते. ऑपरेटर सांगतो, "दादा, आज पावडर माझ्याच अंगावर येतेय." हे वाक्य कानावर पडलं की मी गनकडे बघत नाही, हुकाकडे बघतो.

म्हणून मी नव्या मुलांना सांगतो की गन म्हणजे अर्धंच मशीन. करंट सुईपासून निघतो, हवेतून जॉबवर येतो, जॉबमधून हुकात, हुकातून स्टँडमध्ये, स्टँडमधून अर्थच्या वायरने परत गनच्या पॅनेलला (कंट्रोल बॉक्सला). ही वाट कुठेही तुटली तर गन कितीही भारी असो, उपयोग नाही. पॅनेलच्या मागे अर्थचा जो बोल्ट असतो तो याचसाठी असतो. पॅनेल, बूथ आणि जॉबचा स्टँड, तिन्ही एकाच अर्थला आणि एकमेकांना जोडलेले पाहिजेत. ही वायर न्यूट्रलला बांधलेलीही मी पाहिली आहे. ते कधीही करू नका. न्यूट्रल कुठे सुटला तर तुमचा स्टँड मेनच्या दाबावर येईल, आणि तो झटका स्थिर विजेचा नसेल.

आता तुमच्या लोखंडी हुकाबद्दल. उत्तराचा गाभा इथेच आहे.

पहिल्या दिवशी हूक नवा होता. सहा मिलिमीटरची सळी वाकवून केलेला, स्वच्छ. जॉब टांगला की लोखंड लोखंडाला टेकायचं. पण जॉबबरोबर हुकावरही पावडर बसते आणि जॉबबरोबर तोही ओव्हनमध्ये १८० ते २०० अंशांवर भाजला जातो. एका फेरीत ६० ते ८० मायक्रॉनचा थर. फक्त जिथे जॉब टेकला होता तेवढा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका कोरा राहतो. दुसऱ्या फेरीत जॉब नेमका त्याच ठिपक्यावर थोडाच बसतो? तो दोन मिलिमीटर बाजूला, भाजलेल्या थरावर टेकतो. दहा फेऱ्या झाल्या की हुकावर अर्ध्या मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिकचं कवच तयार झालेलं असतं. आणि आपली पावडर ही मुळात उत्तम इन्सुलेटर आहे. एपॉक्सी पावडर तर विजेच्या उपकरणांत इन्सुलेशन म्हणून मारतात. म्हणजे दिसायला लोखंडाला लोखंड टांगलेलं असतं, पण विजेच्या हिशेबाने जॉब प्लॅस्टिकच्या दोरीवर लोंबकळत असतो. तुमचे पहिले दोन-तीन महिने चांगले का गेले आणि नंतर का बिघडलं, याचं उत्तर त्या कवचात आहे.

आणि स्टँड जमिनीवर उभा आहे म्हणता, तर त्याची चाकं बघा. ओव्हनमध्ये सरकवायच्या ट्रॉलीला आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी नायलॉनची चाकं लावतात. नायलॉन वीज जाऊ देत नाही. चाकं लोखंडी असली तरी खाली सांडलेल्या पावडरचा थर असतो, तोही इन्सुलेटर. शिवाय स्टँडला आपण हौसेने रंग दिलेला असतो, त्यामुळे हूक अडकवतो तो आडवा पाइपही रंगवलेला. एवढे अडथळे पार करून करंट जमिनीपर्यंत पोचेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

मला हे शिकवलं ते आमच्याकडच्या एका वेल्डरकाकांनी. तेव्हा मी ऑपरेटर होतो. पॅनेल बॉक्सची ऑर्डर होती आणि सकाळपासून एकही बॉक्स धड जात नव्हता. पावडर पत्र्यावर भुरभुरायची, हवेच्या झोताने उडायची. मी ६० किलोव्होल्टचे ८० केले, ८० चे ९०. वाढवावं तसं आणखी बिघडत गेलं. काका शेजारी चहा पीत उभे होते. ते काही न बोलता आले, हातोडीने हुकाच्या वाकावर दोन हलके ठोके दिले. काळ्या, पांढऱ्या, राखाडी थरांची एक कपची उडाली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी, प्रत्येक रंगाची एकेक ऑर्डर त्यात दिसत होती. आत लोखंड चकाकलं. बॉक्स परत टांगला, दाब ६० वर आणला, ट्रिगर दाबला, आणि पावडर अक्षरशः वळून बॉक्सच्या मागच्या कडेवर जाऊन बसली. मागची कड न मारता भरली जाणं, हीच अर्थिंग चांगलं असल्याची सगळ्यात सोपी खूण. ती कपची मी बरेच दिवस खिशात ठेवली होती.

आता झटक्यांबद्दल. ही गोष्ट माझ्या मनाला लागलेली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

ऑपरेटर झटक्याची तक्रार करतो तेव्हा आपण म्हणतो, "चालायचंच, स्थिर विजेचं कामच आहे." तसं म्हणू नका. चांगल्या शॉपमध्ये जॉबला हात लावल्यावर झटका बसत नाही. बसला, तर तो जॉब अधांतरी आहे असा निरोप समजायचा.

लोकांना गनची भीती वाटते, कारण तिच्यावर एक लाख व्होल्ट लिहिलेलं असतं. पण चांगल्या गनच्या आत एवढा रोध (रेझिस्टन्स) बसवलेला असतो की सुई अर्थच्या जवळ गेली तरी करंट मायक्रोअँपिअरमध्येच राहतो, दाबच कोसळतो. धोका असतो तो अर्थ नसलेल्या जॉबचा. तो चार्ज साठवत राहतो आणि अर्थ झालेली वस्तू जवळ आली की सगळा एका ठिणगीत सोडतो. त्याला आवर घालणारा रोध मध्ये नसतो. वरचंच ग्रिल घ्या: १०० पिकोफॅरड, २० हजार व्होल्ट. ठिणगीतली ऊर्जा होते २० मिलिज्यूल. थिनरमधल्या टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल तर पेटायला साधारण पाव मिलिज्यूल पुरतं. म्हणजे ऐंशीपट. पावडरच्या ढगाला जास्त लागतं, पण बऱ्याच पावडरी काही मिलिज्यूल ते काही दहा मिलिज्यूल या टप्प्यात पेट घेऊ शकतात. त्या ठिणगीच्या आवाक्यात दोन्ही येतात.

भोसरीत येण्याआधी मी एका ठिकाणी ओल्या रंगाच्या इलेक्ट्रोस्टॅटिक लाइनवर होतो. तिथे एक हेल्पर मुलगा, माझ्याहून लहान, रंगाचा ओघळ पुसायला थिनरमध्ये भिजवलेलं फडकं घेऊन जॉबकडे गेला. जॉब रंगाने माखलेल्या हुकावर होता. टक् असा आवाज झाला आणि फडक्याने पेट घेतला. आम्ही धावलो, फडकं झटकून टाकलं, आग विझली, पण कोपरापासून मनगटापर्यंत त्याचा हात भाजला. महिनाभराने तो कामावर आला तेव्हा बाही खाली ओढून ठेवायचा. त्या दिवशी सगळ्यांनी थिनरला दोष दिला. हुकाकडे कोणी बघितलं नाही. मीही नाही, कारण मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आज हे इतकं सविस्तर लिहितोय त्याचं हेही एक कारण आहे.

तुमच्याकडे पावडर आहे, तरी पुसायला, गन धुवायला थिनरचा डबा बूथजवळ ठेवत असाल तर तो आधी तिथून हलवा.

ऑपरेटर स्वतःही अर्थ झालेला असला पाहिजे. गनच्या मुठीवर धातूची किंवा वीजवाहक पट्टी असते, ती उघड्या तळव्याला लागली पाहिजे. रबरी हातमोजे घातले की माणूस वेगळा पडतो आणि तोच चार्ज होऊ लागतो. मोजे घालायचेच तर तळव्याकडचा भाग कापून घाला, नाहीतर त्या कामासाठी मिळणारे वीजवाहक मोजे घ्या. बूटही अँटिस्टॅटिक हवेत. आणि एक सवय आपल्याकडे फार आहे: पाय दुखतात म्हणून उभं राहायच्या जागी पुठ्ठा किंवा रबरी मॅट अंथरायची. पाय दुखतात हे खरं आहे, मीही अंथरला आहे. पण त्या जागी वीजवाहक मॅट टाका आणि तिला अर्थची वायर जोडा. जमीन दर पाळीला झाडून घ्या.

आता मोजायचं कसं. गन बंद, बूथमधली पावडर पूर्ण खाली बसलेली, मगच. जॉब नेहमीसारखा हुकावर टांगा. ५०० व्होल्टच्या मेगरची (जास्त दाबावर रोध मोजणाऱ्या मीटरची) एक पिन जॉबच्या कोऱ्या धातूला आणि दुसरी अर्थच्या मुख्य पट्टीला. आकडा एक मेगोहमच्या आत हवा. अमेरिकेतल्या आगीपासून संरक्षणाच्या एनएफपीए ३३ या मानकातही हीच मर्यादा आहे, आणि तिच्यामागचा हिशेब सोपा आहे. ५० मायक्रोअँपिअर करंट एक मेगोहममधून गेला तर जॉबवर फक्त ५० व्होल्ट उरतात. गनच्या दाबापुढे ते काहीच नाही. तोच करंट एक गिगोहममधून न्यायचा म्हटलं तर ५० हजार व्होल्ट लागतील, म्हणजे गनचा बहुतेक दाब जॉबवरच चढून बसेल. स्वच्छ हुकावर मात्र आकडा एक मेगोहमच्या कितीतरी खाली येतो. माझ्याकडे तो हजार ओहमच्या वर गेला तरी हूक बाजूला काढतात.

मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. तो दोन-चार व्होल्टवर मोजतो. शिवाय बरेच जण पिन स्टँडला लावून बघतात आणि "अर्थ आहे" म्हणतात. पिन जॉबलाच लागली पाहिजे, कारण खोट जॉब आणि हुकाच्या मधे असते.

यावरून आठवलं. पावडर बसत नाही म्हटल्यावर लोक नवीन अर्थ पिट (अर्थिंगचा खड्डा) खणतात. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळा खर्च. इकडे हुकावर थर तसाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पिट चांगला हवाच. विजेचा बिघाड झाला तर माणूस वाचतो तो त्याच्यामुळे, आणि मे महिन्यात त्यात पाणी घालायला विसरू नका. पण पावडर बसण्याच्या हिशेबाने पिटचे दोन ओहम असोत की वीस, काडीचा फरक पडत नाही. अडलेलं असतं ते हुकाच्या टोकावरच्या कोट्यवधी ओहमांपाशी.

हूक कसे ठेवायचे? गोल सळीऐवजी टोकाशी व्ही आकार किंवा धारदार कड करा, म्हणजे जॉबच्या वजनानेच ती थर फोडून धातूत रुतते. हुकांचे दोन संच ठेवा. एक वापरात, एक सफाईत. मोठ्या लाइनवर हुकांवरचा थर जाळून काढणारा बर्न-ऑफ ओव्हन असतो, तुम्हाला हातोडी, कानस आणि ग्राइंडर पुरेल. केमिकलने काढायचं असेल तर हूक नीट धुऊन कोरडे केल्याशिवाय परत घेऊ नका. आडव्या पाइपवर जिथे हूक अडकतो तिथेही घासा. आणि नायलॉनच्या चाकांच्या ट्रॉलीला बूथमध्ये आली की लावायला दातेरी क्लॅम्पची जाड, लवचिक वायर ठेवा. जड गेट साखळीने टांगता, तेव्हा साखळीच्या कड्यांवर भरवसा ठेवू नका, कारण प्रत्येक कडी हा एक वेगळा सांधा आहे. क्लॅम्प सरळ गेटच्या बिजागरीच्या आतल्या बाजूला लावा, तिथला ठिपका नंतर दिसत नाही.

कोपऱ्यांबद्दल मात्र एक खुलासा. अर्थिंग नीट झालं की कोपरे बरेच सुधारतील, पूर्ण नाही. आत वळलेल्या कोपऱ्यात विद्युत क्षेत्र पोचतच नाही, ते आधीच्या कडांवर संपतं. तिथे दाब कमी करा, ४० ते ५० किलोव्होल्टवर या, हवा कमी ठेवा, आणि कोपरा आधी मारून मग सपाट भाग घ्या. रिवर्कच्या, म्हणजे भाजलेल्या जॉबवर पुन्हा मारायच्या, दुसऱ्या थरालाही हाच नियम: खालचा भाजलेला थर चार्ज अडवतो, जास्त दाब दिला की साठलेला चार्ज थर फोडून बाहेर येतो आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे, ताऱ्यासारखे डाग पडतात.

राहिला कॅस्केडचा प्रश्न. पॅनेलवर मायक्रोअँपिअरचा आकडा दिसतो ना? पावडर बंद ठेवून, नुसती हवा चालू ठेवून, गन एका घासलेल्या आणि क्लॅम्पने अर्थ केलेल्या पत्र्याजवळ हळूहळू न्या. आकडा चढत गेला तर कॅस्केड काम करतंय. मग तेच तुमच्या हुकावर टांगलेल्या ग्रिलजवळ करा. पत्र्याजवळ चढतो आणि ग्रिलजवळ चढत नाही, असं दिसलं तर दोष कुठे आहे ते तुमच्या डोळ्यांसमोर असेल. दोन्हीकडे चढला नाही, तरच गन दुरुस्तीला पाठवा. तोवर कॅस्केडची ऑर्डर थांबवा, आणि हूक घासण्याआधीचा आणि नंतरचा मेगरचा आकडा, दोन्ही मला कळवा.